चार डिग्रीवरचं दूध

गल्लीत त्याला गारेगार म्हणत, आणि तो चिडत नसे. उलट ती आपल्याला मिळालेली पदवी आहे अशा थाटात मान डोलवी. फ्रिज दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण फ्रिजबरोबर गिऱ्हाइकाची अक्कलही दुरुस्त करून देणारा आपण एकटेच, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. ते मत फार पक्कं होतं, कारण ते बनवताना त्याने दुसऱ्या कोणाला काही विचारलं नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारं काढलेले फ्रिज तिथे जबडे वासून ओळीने उभे असत. भिंतीवर तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, खाली तेलकट कॉम्प्रेसर, खिळ्याला रबराच्या पट्ट्यांचे गुंते. मधोमध उंच स्टूल आणि स्टुलावर हा. शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा त्याने एक थर्मामीटर लावलेला असे, लांब दांडीचा, वर गोल तबकडी आणि तीत बारीक काटा. जेवायला बसतानाही तो काढत नसे. वरणाचं वगैरे तापमान तो घेत नसे एवढंच. तेही आईने एकदा पळी उगारली म्हणून.

"नाक खोटं बोलतं, जीभ खोटं बोलते," तो सांगे. "काटा खोटं बोलत नाही."

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने हे ऐकून घेतलं होतं, तेही भर दुकानात. त्याच्या क्रीमला वास येत होता. गारेगार गेला, फ्रिज उघडला, थर्मामीटर आत ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"वाचा," काटा थांबल्यावर तो म्हणाला.

"चार."

"मग?"

"मग काय? वास येतोय ना! घ्या, तुम्हीच हुंगून बघा."

"मी हुंगत नसतो. चार डिग्री म्हणजे चार डिग्री. फ्रिज ठणठणीत आहे. तुमचं नाक सर्व्हिसिंगला टाका."

केक घ्यायला आलेल्या दोन बाया फिसकन हसल्या आणि बेकरीवाला कानापर्यंत लाल झाला. हा किस्सा गारेगार पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिला. दर वेळी त्यात बेकरीवाला थोडा जास्त मूर्ख होई आणि तो स्वतः थोडा जास्त हजरजबाबी.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला वासाची किळस होती. लोकांच्या फ्रिजमध्ये काय काय सडलेलं सापडतं हे त्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. आणि धंद्यातल्या या माणसाला नेमकं तेच सहन होत नसे. दुरुस्तीला आलेला फ्रिज आधी त्याची आई साबणाच्या पाण्याने आतून घासून काढी, मग हा पाना हातात घेई. तत्त्व नंतर सुचलं होतं, मळमळ आधीची होती. पण 'मला मळमळतं' असं म्हणण्यापेक्षा 'नाक खोटं बोलतं' म्हणणं भारदस्त वाटतं, एवढं त्याला कळत होतं.

त्याची बायको पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. एका लांब टेबलावर मीटर ओळीने आवळायचे, सगळ्यांतून एकच पाणी सोडायचं, शेवटी ते मापाच्या टाकीत किती भरलं ते बघायचं आणि प्रत्येक मीटरचा काटा त्याच्याशी जुळतो का ते ताडायचं. जो जुळत नाही त्याच्या तबकडीवर लाल पट्टी. दिवसभर हेच. लग्न ठरताना गारेगारला कोणीतरी म्हणालं होतं की मुलगीही काट्यांतलीच आहे, तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं. ती नेमकं काय करते हे त्याने तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही.

मुलगी झाली, गुटगुटीत, दोन्ही गालांवर वाटीभर लोणी थापल्यासारखी. आजीने तिला ढब्बी म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी तेच उचललं. ढब्बी आईच्या अंगावर पीत होती, दणकून पीत होती, आणि जगात दूध मिळण्याची दुसरी काही सोय असते यावर तिचा विश्वास नव्हता.

अडचण इथेच होती. बायकोची रजा संपत आली होती. टेबलाची जुनी प्रमुख निवृत्त होणार होती आणि ती जागा हिला द्यायची असं ठरत आलं होतं. सुपरवायझर बाईंनी स्वच्छ निरोप पाठवला: एक तारखेला हजर राहिलीस तर टेबल तुझं, नाही तर पलीकडच्या टेबलावरची मुलगी तयारच आहे. कारखाना गावाबाहेर. मध्येच घरी येऊन पाजून जाणं शक्य नव्हतं. म्हणजे एक तारखेच्या आत ढब्बीने बाटली धरायला हवी. त्या टेबलाच्या टोकाला उभं राहण्यासाठी बायकोने किती वर्षं मान मोडून काम केलं होतं ते तिचं तिलाच माहीत.

"त्यात काय एवढं!" गारेगार म्हणाला. "माझ्यावर सोड. दूध साठवणं हा माझा विषय आहे."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. साठवण्याचा प्रश्नच कुठे होता? प्रश्न पिण्याचा होता. पण एवढ्या उत्साहाने हा आजवर घरातल्या कुठल्याच कामाला उभा राहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसली. ही तिची चूक.

त्याने भंगारातून एक छोटा फ्रिज उचलला, आतून-बाहेरून रंगवला, नवी नळी, नवा गॅस, दाराला नवं रबर. आत एक काटा, बाहेर एक काटा. तो बाळाच्या पाळण्याशेजारी थाटात बसला. गिऱ्हाईक आलं की गारेगार त्याला आतल्या खोलीत न्यायचा आणि दाखवायचा. एकदा बायको पाजत असतानाच एक जण आत आला. पुन्हा कोणी उंबरा ओलांडला तर फ्रिज गल्लीत दिसेल, असं तिने सांगितलं, तेव्हा कुठे हे प्रदर्शन बंद झालं.

बायको हातपंपाने दूध काढी. तो पंप वापरणं म्हणजे काय ते गारेगारने एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती दात आवळून बसे, मनगट भरून येई, आणि बाटलीच्या तळाशी जे काही जमे ते हा असं उचलून नेई, जणू त्यानेच ते काढलंय. झाकण, चिठ्ठी, फ्रिज. जुन्या बाटल्या पुढे, नव्या मागे. ढब्बीला द्यायची ती पुढची, म्हणजे कालची किंवा परवाची. ती कोमट पाण्यात ठेवायची, थर्मामीटरने बघायची, आणि काटा अंगाच्या तापमानाला टेकला की बाटली तोंडाशी.

पहिल्या दिवशी ढब्बीने निपल तोंडात घेतलं, एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि जिभेने सगळं बाहेर ढकललं. मग बापाकडे अशा नजरेने पाहिलं की बेकरीवाल्याला फार समाधान वाटलं असतं.

"निपलचा दोष," गारेगार म्हणाला.

निपल बदललं. लांब आणलं, आखूड आणलं, पसरट आणलं. छिद्र बारीक, छिद्र मोठं. एकाचं छिद्र त्याने स्वतः सुई तापवून मोठं केलं, तर दूध ढब्बीच्या नाकात गेलं. ती खोकून खोकून निळी-जांभळी झाली आणि आजीने त्याच्या हातावर चापटी मारून पोरीला काढून घेतलं.

"अरे, लेकरू आहे की नळ दुरुस्त करतोयस?"

"आई, तू हात लावू नकोस. तुझे हात निर्जंतुक नाहीत."

"याच हातांनी तुला भरवलंय!"

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथली नर्सबाई रोज अशीच पोरं बघणारी. तिने ढब्बीला वजनकाट्यावर ठेवलं, गाल दाबून बघितला आणि एकेक गोष्ट नीट सांगितली. आईने बाटली द्यायची नाही, शक्यतो घराबाहेर जायचं. आई जवळ असली की बाळ बाटली कशाला घेईल? पोर थोडं भुकेलं असताना द्यायची, भुकेने कासावीस झाल्यावर नाही. आडवं पाडून नाही, मांडीवर बसतं धरून. निपल ओठांना लावायचं आणि वाट बघायची. चघळू दे, खेळू दे. रडायला लागली की थांबायचं, जबरदस्ती केलीत तर बाटली दिसली तरी भोकाड पसरेल. आईचा एखादा कपडा जवळ असू द्या.

"आणि सुरुवातीला ताजं काढलेलं द्या," ती शेवटी म्हणाली. "साठवलेलं नंतर."

"का बरं?" गारेगारने विचारलं. "साठवलेलं चार डिग्रीवर आहे."

"असू दे ना. ताजं असलं तर ताजं द्यायचं."

"माझ्याकडे स्वतंत्र फ्रिज आहे. दोन काट्यांचा."

नर्सबाईने बायकोकडे बघितलं. बायकोने जमिनीकडे बघितलं.

"सिस्टर, मी बघते," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत गारेगारने नर्सबाईचं सगळं सांगणं आपल्या सोयीने कापून बेतून घेतलं होतं. ताज्या दुधाचा मुद्दा तर त्याने दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिला. ताजंच द्यायचं तर एवढा रंगवलेला फ्रिज कशासाठी? उरला आईचा कपडा. तो त्याला पटला. नाकावर विश्वास नसलेल्या माणसाला तो कसा पटला, असं बायकोने विचारलंही.

"बाळाचं नाक नवीन असतं," तो म्हणाला. "अजून बिघडलेलं नसतं."

कपडा जवळ ठेवणं म्हणजे अर्धवट काम. त्याने बायकोचा फुलाफुलांचा गाऊनच अंगात चढवला, डोक्यावरून तिची ओढणी घेतली, आणि ढब्बीला घेऊन दुकानातल्या स्टुलावर बसला, कारण आत बायको होती आणि आईच्या जवळ बाटली द्यायची नाही, एवढं त्याने लक्षात ठेवलं होतं. ढब्बीने त्याला ओळखलं आणि किंचाळली. त्याच वेळी शटरखालून वाकून बेकरीवाला आत आला.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग अतिशय अदबीने म्हणाला, "ताई, मालक घरात आहेत का?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन ताईंची चौकशी केली. ज्यांच्याकडे फ्रिजच नव्हता तेही आले.

या प्रकारानंतर गारेगारला बाटलीचा राग येऊ लागला. राग थेट बाटलीवर काढता येत नाही, म्हणून तो बायकोवर घसरला. पोरगी लाडावून ठेवलीय. जरा रडली की लगेच छातीशी. शिस्त नाही.

"तुम्हाला तिने दूध प्यायला हवंय," बायको म्हणाली, "की तुमचं म्हणणं खरं व्हायला हवंय?"

"दोन्ही एकच आहे."

"नाही ना."

त्याच्या मनात हळूहळू एक वेगळाच विचार घर करत होता आणि तो त्याला दिवसेंदिवस आवडू लागला होता. पोरीने बाटली नाहीच घेतली तर? तर बायको घरी राहील. वाईट वाटेल तिला थोडे दिवस. पण दोष कोणाचा? पोरीचा. आपण तर फ्रिज बनवला, निपलं आणली, गाऊनसुद्धा घातला. याहून जास्त कोणता बाप करतो? जेवण गरम मिळेल आणि वर त्याग केल्याचं श्रेयही. या विचाराने त्याला झोप छान लागे.

एक तारखेच्या आधी एकदा सुपरवायझर बाईंनी बायकोला अर्ध्या दिवसासाठी बोलावलं, टेबलाची माहिती घ्यायला. ती सकाळी पोरीला भरपूर पाजून निघाली. दारात थांबून तिने त्याला नर्सबाईचं सांगणं पुन्हा सांगितलं. तो मान हलवत होता, म्हणजे ऐकत नव्हता.

"जबरदस्ती करू नका."

"नाही गं."

"कासावीस होईपर्यंत थांबू नका."

"जा तू."

ती वळणावरून दिसेनाशी झाली तशी त्याने आईला आपली योजना सांगितली. पोरीला चांगली भूक लागू द्यायची. इतकी, की समोर येईल ते झक मारत पिईल. आईने कपाळावर हात मारला. ढब्बी आधी मुठी चोखू लागली, मग कुरकुरली, मग रडली, आणि जेव्हा तिचा आवाज दुकानातल्या रिकाम्या फ्रिजांत घुमू लागला तेव्हा गारेगारने बाटली आणली. अगदी बरोबर तापमानाची. तिने एक घोट घेतला आणि अंगाची अशी काही कमान केली की ती त्याच्या हातातून जवळजवळ निसटली. त्याने पुन्हा निपल घातलं. तिने पुन्हा थुंकलं. त्याने हनुवटी धरली. मग तिला श्वास सापडेना, उचक्या लागल्या, आणि सगळा चेहरा डाळिंबासारखा झाला.

"दे ती इकडे!" आई ओरडली. "जीव घेशील पोरीचा!"

त्याने पोरगी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "दुकानात कोणीतरी आलंय वाटतं." दुकानात कोणी आलं नव्हतं. तो जाऊन स्टुलावर बसला, एक मोटर उघडली आणि ती इतक्या मन लावून साफ करू लागला की आतला आवाज ऐकू येऊ नये. तरी येत होता. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, रडं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पोरीला बरं वाटावं म्हणून नाही, लोकांना कळू नये म्हणून.

बायको परतली तेव्हा तिचा कुडता छातीवर ओला झाला होता आणि गल्लीच्या तोंडापासूनच ती पळत आली होती. आत जाऊन तिने पोरीला घेतलं आणि ढब्बी अशी तुटून पडली की मधूनमधून तिचा हुंदका आणि घोट एकदमच यायचे.

मग आजी हळूच म्हणाली, "राहू दे गं पोरी ती नोकरी. हिला नाही जमायचं. रडून रडून घसा बसला माझ्या बाईचा."

गारेगार दारात उभा होता. हीच वेळ, त्याला वाटलं.

"मीही तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "माझ्याकडून कसर नव्हती. पण पोरगीच हट्टी. तुझ्या माहेरचा गुण."

बायकोने वर बघितलं. तिचे डोळे भरलेले असतील असं त्याला वाटलं होतं. ते कोरडे होते, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्या पलीकडे, फ्रिजकडे बघत होती.

"किती निपलं झाली?" तिने विचारलं.

"सगळी. बाजारात आणखी उरलीच नाहीत."

"सगळ्यांना नाही म्हणाली?"

"सगळ्यांना."

"टेबलावर कधीतरी असं होतं," ती म्हणाली. "ओळीतले सगळेच्या सगळे मीटर एकदम चुकतात. नवीन मुली एकेक मीटर खोलत बसतात. सगळेच चुकले तर मीटर नाही खोलायचे. पाणी बघायचं."

झोपलेली ढब्बी तिने सासूच्या मांडीवर ठेवली. फ्रिज उघडला. पुढच्या ओळीतली एक बाटली घेतली, झाकण काढलं आणि नाकाशी नेली. मग थेंब तळहातावर घेऊन जिभेने चाखला. तिचं तोंड कसनुसं झालं.

"साबण," ती म्हणाली.

"काय?"

"साबणासारखं लागतंय. कपड्याचा साबण चाटल्यासारखं."

"शक्यच नाही." त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्याने थर्मामीटर काढला, बाटलीत बुडवला, आणि तबकडी तिच्यासमोर धरली. "हे बघ. चार."

"प्या."

"अगं, काटा..."

"काटा खोटं बोलत नाही, ऐकलंय मी. पण दिवसभर खोटं बोलणारे काटेच पकडायचं काम करते मी. आणि हा तुमचा काटा खोटं नाही बोलत. तुम्ही त्याला फक्त थंड आहे का एवढंच विचारताय. तो काय चव सांगणार आहे? प्या."

गारेगारने बाटलीकडे बघितलं. तो अर्धं पाऊल मागे सरकला. आईला ते दिसलं, कारण तिने त्याला लहानपणापासून तसंच मागे सरकताना पाहिलं होतं.

"मला... हे असलं नाही जमत," तो पुटपुटला.

"पोरीच्या तोंडात कोंबायला जमत होतं," बायको म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "हनुवटी धरून. एवढे दिवस. आणि तुम्ही एकदाही जिभेला लावून बघितलं नाही?"

आजी मान खाली घालून पोरीच्या दुपट्याची किनार नीट करत बसली. तिनेही चाखलं नव्हतं. पण तिला बाटलीला हातच लावू दिला नव्हता.

शेवटी त्याने बोटाचं टोक बुडवलं. डोळे मिटले, जिभेला टेकवलं आणि तोंड वाकडं करून मोरीकडे धावला. आई फ्रिज घासते त्या पाण्याचा जसा वास, तशी ती चव होती. मोरीतून त्याचा आवाज आला, आणि चव घेतल्यावर तो पहिल्यांदा जे बोलला ते असं होतं:

"फ्रिजचा दोष नाही हं!"

आणि शरमेची गोष्ट म्हणजे त्यात तो बरोबर होता. बायकोने नर्सबाईला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, होतं असं काही जणींचं. दुधातच चरबी फोडणारं काहीतरी जरा जास्त असतं. थंडीत ठेवलं तरी ते आपलं काम करत राहतं आणि दुधाला साबणासारखा वास येतो. त्याने अपाय काही नाही, तुझाही काही दोष नाही, पण कित्येक पोरं ते तोंडात धरत नाहीत. साठवायचंच असेल तर काढल्या काढल्या भांड्यात तापव, कडेला बारीक बुडबुडे आले की उतरव, उकळू देऊ नको, गार पाण्यात ठेवून पटकन निवव आणि मग फ्रिजमध्ये.

"आणि म्हणून तर म्हटलं होतं, आधी ताजं देऊन बघा," नर्सबाई म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता. मोरीतल्या पाण्याचा आवाज बंद झाला होता, म्हणजे ते ऐकू जायचं तिथे गेलं.

बायकोने पर्समधून कारखान्याची लाल चिकटपट्टी काढली, एक तुकडा फाडला आणि फ्रिजच्या बाहेरच्या काट्यावर आडवा चिकटवला. मग दोन दिवस कोणी ढब्बीला बाटली दाखवलीच नाही. ती विसरावी म्हणून.

त्यानंतरच्या दिवशी बायकोने ताजं दूध काढलं, बाटलीत भरलं, सासूच्या हातात दिलं आणि चपला घालून सरळ गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. गारेगारला आतल्या खोलीत यायची बंदी होती. तो दाराच्या फटीतून बघत होता, हातात थर्मामीटर घेऊन, जणू कोणी कधीही हाक मारील.

कोणी मारली नाही. आजीने बाळाला मांडीवर बसतं केलं, निपल तिच्या ओठांना टेकवलं आणि खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच बडबडू लागली. समोरच्या गच्चीवर कोणी चादर उलटी वाळत घातलीय, कोणाचं मांजर पुन्हा व्यालंय. बाटलीकडे तिचं लक्षच नव्हतं, किंवा नाही असं ती दाखवत होती. ढब्बीने निपल चावलं. सोडलं. हाताने ढकललं. आजीची मांजराची गोष्ट चालूच. ढब्बीने पुन्हा तोंड लावलं, चघळलं, आणि मग एक घोट घेतला. थांबली. बापाने फटीमागे श्वास रोखला.

ढब्बीने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. बाटलीत बारीक बुडबुडे वर चढू लागले. अर्धीच प्याली, उरलेली आजीच्या पदरावर सांडली, पण प्याली.

बायको परत आली आणि सासूने तिला बाटली दाखवली. ती भिंतीला टेकून खालीच बसली. रडली ती आता.

"बघ!" गारेगार दार उघडून म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, जमेल!"

त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

एक तारखेला बायको टेबलाच्या टोकाला उभी राहिली. आता दूध तापवून निववून ठेवलेलं असतं, आणि आजी दिवसभर आपल्या निर्जंतुक नसलेल्या हातांनी ते पाजते. गारेगार दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की साठवलेल्या दुधातला दोष त्याने कसा हुडकून काढला. "तज्ज्ञांनाही कळत नाही. चव घ्यावी लागते." बेकरीवाल्यानेही हे ऐकलं. मागच्याच आठवड्यात त्याने आपला फ्रिज दुसऱ्याकडून उघडून घेतला होता आणि मागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये त्याला जुन्या क्रीमचा एक हिरवा थर मिळाला होता. तो फक्त म्हणाला, "ताईंना सांगा हं माझा नमस्कार."

घरात मात्र एक नवीन शिस्त लागली आहे, आणि ती बायकोने लावली आहे. सकाळी कामावर निघण्याआधी ती दिवसाच्या बाटल्या ओळीने मांडते, प्रत्येकीतला एकेक थेंब चमच्यात घेते आणि नवऱ्यासमोर धरते.

"आधी तुम्ही."

"अगं, रोज रोज काय..."

"चमचा धरलाय मी. बस चुकेल."

तो डोळे मिटतो, मान मागे घेतो आणि लहान पोराला औषध पाजावं तसा चेहरा करून थेंब चाखतो. आजी ढब्बीला कडेवर घेऊन ते बघायला मुद्दाम येऊन उभी राहते. तिच्या दिवसातली ती सगळ्यात करमणुकीची वेळ.

"कसं आहे?"

"गोड."

"पास," बायको म्हणते, डबा उचलते, लेकीच्या दोन्ही गालांचा मुका घेते आणि निघते.

ती वळणावरून दिसेनाशी झाली की गारेगार मोरीत जाऊन चूळ भरतो. एकदा, दोनदा. मग तोंड पुसून, खिशाला थर्मामीटर लावून, दुकानाचं शटर वर करतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघत स्टुलावर चढून बसतो.